अरोराचा फोटो काढायचाय? आधी सोलापुरात गच्चीवर चढा

नॉर्वेहून अरोराचे, म्हणजे ध्रुवाकडच्या आकाशात रात्री नाचणाऱ्या रंगीत उजेडाचे, फोटो काढून परत आल्यापासून निम्म्या पाहुण्यांनी एकच विचारलंय, सेटिंग सांग की. आता सेटिंग काय, घ्या लिहून: कॅमेरा मॅन्युअल मोडवर, लेन्स असेल तितकी वाइड, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं छिद्र) पूर्ण उघडं म्हणजे एफ २.८ किंवा तुमच्या लेन्सला जमेल तेवढं, आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते) १६००, शटर (उजेड किती वेळ आत येतो ते) ८ सेकंद, फोकस मॅन्युअल, फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याची कच्ची फाइल. झालं. एवढं कुणालाही पाठ होतंय. पण उणे पंधरात, जाड ग्लोव्हज घालून, मिट्ट अंधारात आणि वर आकाश हिरवंगार नाचत असताना यातलं एकसुद्धा हाताला आठवत नाही, तिथंच सगळं अडतंय.

माझं काय झालं सांगते. ट्रॉम्सोला आम्ही चार रात्री होतो, त्यातल्या पहिल्याच रात्री सगळ्यात भारी अरोरा निघाला, दहा एक मिनिटं तर कुठं बघू आणि कुठं नको असं झालं. मी साठ-सत्तर फोटो दणादण काढले, छोट्या स्क्रीनवर सगळे छान दिसले, रूमवर येऊन मोठे करून बघतेय तर एकूण एक धुरकट. मी फोकस आधी केला होता आणि मग फ्रेम मोठी दिसावी म्हणून झूमची रिंग फिरवली होती, किट लेन्सला, म्हणजे कॅमेऱ्यासोबत मिळते तिला, झूम बदललं की फोकस हलतोच, हे मला वाचून माहीत होतं बरं का, हाताला माहीत नव्हतं. पुढच्या दोन रात्री ढग. मग काय, हॉटेलच्या बाथरूममध्ये लाइट बंद करून ग्लोव्हज घालून नुसती बटणं दाबत बसले, नवरा बाहेरून विचारतोय बरी हैस ना. चौथ्या रात्री मिळाले फोटो. आणि तेव्हा डोक्यात आलं की हे बाथरूममधलं सगळं मी घरी, जुळे सोलापूरला, एक रुपया न घालवता करू शकले असते.

म्हणून यंदा नणंद निघाली तेव्हा तिला महिनाभर आधी गच्चीवर उभं केलं. तेच खाली लिहितेय, तुमच्या कामाला येईल.

आधी कधी आणि कुठं जायचं ते पटकन. सीझन सप्टेंबर ते मार्चअखेर, कारण उन्हाळ्यात तिकडं रात्रीच होत नाही, अरोरा असला तरी उजेडात दिसणार कसा. नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत ट्रॉम्सोला सूर्य उगवतच नाही, पण म्हणून तेव्हाच जावं असं काही नाही, सप्टेंबर आणि मार्चच्या आसपास म्हणजे दिवसरात्र सारखे असतात तेव्हा अरोराची हालचाल जरा जास्त असते आणि मार्चात थंडीही थोडी सुसह्य. गाव असं निवडा जे अरोराच्या पट्ट्याखालीच आहे, म्हणजे ध्रुवाभोवतीच्या ज्या पट्ट्यात तो नेहमी दिसतो तिथं, म्हणजे नॉर्वेचं ट्रॉम्सो, स्वीडनचं अबिस्को, अलास्काचं फेअरबँक्स. अबिस्कोला चारी बाजूच्या डोंगरांमुळं ढग अडतात आणि आकाश जास्त वेळा मोकळं मिळतं, म्हणून नणंदेला तिकडं पाठवलं.

लोक लडाखचं विचारतात. हो, १० आणि ११ मे २०२४ च्या रात्री हानलेच्या वेधशाळेच्या कॅमेऱ्यात लाल अरोरा आला होता, खरी गोष्ट आहे, पण ते २००३ नंतरचं सगळ्यात मोठं सौर वादळ होतं. लाल का, तर तो प्रकाश २०० किलोमीटरच्या वर तयार होतो, आणि आपण एवढ्या लांबून क्षितिजावर बघताना फक्त तो वरचाच भाग दिसतो, हिरवा भाग शंभर-दीडशे किलोमीटरवर असतो तो पृथ्वीच्या गोलाईआड जातो. हानलेला अवश्य जा, आकाशगंगेसाठी जा, पण अरोरा दिसेल म्हणून तिकीट काढू नका.

तिकीट काढताना मी कालनिर्णय समोर ठेवलं होतं, हसू नका. पौर्णिमेला आकाश फार उजळतं आणि फिका अरोरा त्यात मरतो, अमावस्येला आकाश झकास पण खाली डोंगर-झाडं नुसती काळी. शुद्ध पंचमी ते अष्टमी धरा, तेवढ्या चंद्रानं जमिनीवरचा बर्फ छान उजळतो आणि आकाशही शाबूत राहतं.

आता केपीचं वेड. केपी म्हणजे ० ते ९ चा एक आकडा, पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र किती हललंय ते सांगणारा, आणि प्रत्येक जण मोबाइलवर तेच बघत बसतो. अहो, ट्रॉम्सो पट्ट्याखालीच आहे, तिथं केपी १ किंवा २ असला तरी अरोरा दिसतो, तिथला खरा दुश्मन ढग. दिवसभर ढगांचा अंदाज बघा आणि मोकळं आकाश आहे तिकडं गाडी वळवा. किनाऱ्यावर ढग असले तर आत फिनलंडच्या बॉर्डरकडं बऱ्याचदा मोकळं असतंय, फक्त तिकडं थंडी उणे वीसच्याही खाली जाते. एक आकडा मात्र बघण्यासारखा आहे, बी-झेड. सूर्याकडून येणाऱ्या वाऱ्याचं चुंबकत्व दक्षिणेकडं झुकलं की हा आकडा उणे होतो आणि मग त्या वाऱ्याला पृथ्वीच्या क्षेत्रात शिरायला दार उघडतं. हे मोजणारे उपग्रह आपल्यापासून १५ लाख किलोमीटरवर असतात, आपलं आदित्य एल-१ पण तिथंच आहे, त्यामुळं अर्धा-पाऊण तास आधी कळतं. बी-झेड चांगला उणे झाला आणि तसाच राहिला की जेवण अर्धवट टाकून निघा.

आता गच्ची.

पहिली तालीम फोकसची. सोलापुरात थंडीत रात्री नऊ-दहाला व्याधाचा तारा मस्त चमकत असतो, मृगाच्या खालती, तो धरा. लेन्स मॅन्युअल फोकसवर टाका, लाइव्ह व्ह्यू म्हणजे स्क्रीनवरचं थेट चित्र चालू करा, स्क्रीनवर तो तारा दहा पट मोठा करा आणि रिंग अगदी हळू फिरवत तो बारीकात बारीक टिपका होईपर्यंत आणा, पुढं गेला की परत फुगतो, मग मागं या. लेन्सवर अनंताची खूण असते तिच्यावर विश्वास ठेवू नका, ती थोडी इकडंतिकडं असतेच आणि थंडीत अजून सरकते. फोकस जमला की रिंगवर चिकटपट्टी मारा, झूमच्या रिंगवर पण मारा, माझ्यासारखं करू नका. आणि एक, व्याध तिकडं कामाचा नाही, ट्रॉम्सोहून तो क्षितिजाला चिकटून असतो, डोंगराआडच जातो. तिकडं अभिजित किंवा ब्रह्महृदय शोधा, हे दोन्ही तिथं मावळतच नाहीत. ध्रुवतारा आपल्याकडं उत्तरेला जेमतेम १८ अंशावर, म्हणजे समोरच्या बिल्डिंगच्या टाकीआड, तो तिकडं ७० अंशावर चढलेला असतो, पहिल्यांदा बघून मलाच आकाश वाकडं झाल्यासारखं वाटलं.

दुसरी तालीम हातांची. भाकरी थापताना आपण हाताकडं बघतो का? तसा कॅमेरा चालला पाहिजे. गच्चीवरचा दिवा बंद, हातात ग्लोव्हज, आणि घरातल्या कुणाला तरी बाजूला बसवून ऑर्डर सोडायला लावा: शटर ८ वरून २ वर, आयएसओ ३२००, लाइव्ह व्ह्यू चालू, मोठं कर, बंद कर, बॅटरी बदल. न बघता. नणंदेला पहिल्या दिवशी बॅटरी बदलायला चार मिनिटं लागली आणि त्यात एकदा बॅटरी खाली पडली. शेजारच्या अक्का वर आल्या, काय गं, रात्री अकराला दोघी अंधारात ग्लोव्हज घालून काय करताय, चोरीची प्रॅक्टिस का? दहा दिवसांनी अक्काच ऑर्डर सोडत होत्या.

ग्लोव्हज दोन थरांचे घ्या. आत पातळ, ज्यातून बटण कळतं, वरून जाड मिटन, म्हणजे चार बोटं एकत्र राहतात तो. बटण दाबायचं तेवढंच वरचं काढायचं आणि लगेच परत घालायचं, आणि वरच्याला दोरी लावून गळ्यात अडकवा, लहान पोरांचे असतात तसे, कारण बर्फात पडला की आत बर्फ भरतो आणि मग तो ग्लोव्ह घालून न घालून सारखाच.

तिसरी तालीम बॅटरीची, ही मला सगळ्यात आवडली. आपल्याकडं डिसेंबरात तेरा-चौदा अंश झाले की लोक शेकोट्या पेटवतात, त्यामुळं उणे तापमान आणायचं कुठनं? मावसभावाचं आईस्क्रीमचं दुकान आहे, त्याचा डीप फ्रीझर उणे १८ ला असतो. फुल चार्ज बॅटरी दोन झिप पिशव्यांत घालून त्यात दोन तास ठेवली, काढून लगेच कॅमेऱ्यात टाकली तर निम्म्याच्या खाली दाखवायला लागली. तीच नंतर घरात गरम होऊ दिली तर चार्जिंग बऱ्यापैकी परत आलं. म्हणजे थंडीत बॅटरी संपत नाही, तिच्या आतली रासायनिक क्रिया मंद पडते. यातनं शिकायचं काय, तर तीन बॅटऱ्या न्या, दोन अंगाला लागून आतल्या खिशात ठेवा आणि कॅमेऱ्यातली दमली की अदलाबदल करत राहा. गार बॅटरी तशीच चार्जरला लावू नका, खराब होते, आधी रूममध्ये गरम होऊ द्या. आणि विमानात जादा बॅटऱ्या, पॉवर बँक हे सगळं केबिन बॅगेतच, चेक-इनला चालत नाही.

चौथी, जमलं तर, गड्ड्याच्या म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत होम मैदानावरचं शोभेचं दारूकाम. सेटिंग एकदम वेगळं लागतं, दारूकाम खूप उजेडाचं असतंय, आयएसओ १०० आणि एफ ८ वगैरे, त्यामुळं आकडे शिकायला नाही जायचं. जायचं ते यासाठी की हलणारा उजेड कुठं जाणार याचा अंदाज घेऊन फ्रेम आधीच मोकळी ठेवायची, गर्दीत ट्रायपॉड सांभाळायचा, आणि आपण फोटो न बघता पुढचा काढत राहायचा. ती सवय तिकडं सोन्यासारखी कामाला येते. शहराबाहेर अंधारात एक रात्र काढायची असेल तर हिप्परग्याच्या तलावाच्या बाजूला किंवा नान्नजच्या रस्त्याला जा, माळढोकच्या अभयारण्यात रात्री शिरू नका मात्र, आणि चार-पाच जण मिळून जा.

कपड्यांचं एकच सांगते. आपल्याला सोलापुरी चादरीचा अभिमान, मला पण आहे, पण अंगाला लागून सुती काहीही घालू नका. सूत घाम पितं आणि धरून ठेवतं, चालताना घाम आला आणि मग दोन तास एका जागी उभं राहिलात की तो ओला बनियन तुम्हाला आतनं गारठवतो. आतला थर लोकरीचा किंवा सिंथेटिक, वर फ्लीस, वर वारा अडवणारं जाकीट. बूट एक नंबर मोठे घ्या, दोन मोजे कोंबून घट्ट बूट घातला की पाय जास्त गार पडतात. जुन्या चादरीच्या पट्ट्या मात्र मी नेल्या होत्या, ट्रायपॉडच्या पायांना गुंडाळल्या, कारण त्या थंडीत उघडं अ‍ॅल्युमिनियम हातात धरवत नाही.

आता खरी रात्र. उजेड असतानाच जागा बघून ठेवा. पुढं काहीतरी पाहिजे, झाड, लाल लाकडी घर, फ्योर्डचं म्हणजे डोंगरात शिरलेल्या खाडीचं पाणी, नुसतं आकाश म्हणजे हिरवी रांगोळी सांडल्यासारखा फोटो येतो. गाडी रस्त्यावर थांबवू नका, पार्किंगच्या जागेतच लावा, अंगावर रिफ्लेक्टिव्ह पट्टा घाला. ट्रायपॉडचे पाय बर्फात आधीच दाबून बसवा नाहीतर आठ सेकंदात तो हळूच खचतो, मधला दांडा वर काढू नका. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) बंद, दोन सेकंदांचा टायमर नाहीतर रिमोट, स्क्रीनचा ब्राइटनेस कमीत कमी. डोक्याच्या टॉर्चचा लाल दिवाच वापरा, पांढरा लावलात तर शेजारच्याचा फोटो पण गेला आणि त्याच्या शिव्या कुठल्या भाषेत येतील सांगता येत नाही.

आणि लेन्सवरचा यूव्ही फिल्टर काढा. हे कुणी सांगत नाही. अरोराचा हिरवा रंग ऑक्सिजनपासून येतो आणि तो अगदी एकाच तरंगलांबीचा असतो, ५५७.७ नॅनोमीटर, त्यामुळं सपाट फिल्टरच्या दोन बाजूंमध्ये तो उलटसुलट परावर्तित होऊन फोटोच्या मधोमध गोल गोल वर्तुळं उमटतात, तांब्यात खडा टाकल्यावर उठतात तशी. नंतर ती काढणं म्हणजे डोक्याला ताप.

आता अरोरा दिसतो कसा. पहिल्यांदा तुम्हाला वाटेल की पांढुरका ढग आहे. कमी उजेडात आपल्या डोळ्याला रंग कळत नाही, त्यामुळं फिका अरोरा राखाडीच दिसतो आणि लोक तोंड पाडून गाडीत जाऊन बसतात. शंका आली की मोबाइलनं तीन सेकंदांचा फोटो काढून बघा, ढग हिरवा आला म्हणजे तो ढग नव्हे. जोरात आला तर मग डोळ्यालाही हिरवा दिसतो, खालच्या कडेला गुलाबी झालर पण दिसते, ती नायट्रोजनची.

सगळं कौशल्य इथून पुढं आहे आणि ते शटरमध्ये आहे. अरोरा शांत कमानीसारखा पडून असेल तर ८ ते १५ सेकंद चालतात. तो हलायला लागला, पडद्यासारखा सळसळायला लागला की ४ सेकंदांवर या, आणि डोक्यावर येऊन फुटल्यासारखा चारी बाजूंना पसरला तर १ किंवा २ सेकंद, आयएसओ वाढवा, ३२००, ६४०० काय लागेल ते. कारण १५ सेकंदांत हलता पडदा सगळा एकमेकांत कालवला जातो, पिठल्यासारखा, चुण्या दिसत नाहीत. थोडा दाणेदार फोटो परवडला, पिठलं नको. वरची मर्यादा ताऱ्यांची असते, ५०० ला लेन्सच्या फोकल लेंग्थनं, म्हणजे लेन्सवरच्या मिलिमीटरच्या आकड्यानं भागा, २० मिलिमीटर असेल तर २५ सेकंद, त्यापुढं तारे रेघा होतात, छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्याला त्याहून कमी धरा. किट लेन्स १८-५५ असेल तर १८ ला, एफ ३.५, आयएसओ ३२०० आणि १० सेकंदांपासून सुरू करा, वाईट येत नाही.

फोटो स्क्रीनवर बघून बरा आहे असं ठरवू नका, अंधारात स्क्रीन सगळंच उजळ दाखवते. हिस्टोग्राम बघा, म्हणजे डावीकडं अंधार आणि उजवीकडं उजेड दाखवणारा आलेख, त्यात हिरवा रंग उजव्या भिंतीला आदळला असेल तर शटर कमी करा, जळलेला हिरवा रॉ मध्ये पण परत येत नाही. व्हाइट बॅलन्स, म्हणजे फोटोचा रंग किती पिवळा-निळा ते ठरवणारं सेटिंग, ३५०० ते ४००० केल्विनच्या मध्ये ठेवा, ऑटो नको, प्रत्येक फोटोचा रंग वेगळा येतो. दर पंधरा मिनिटांनी एक फोटो पूर्ण मोठा करून तारे टिपके आहेत का बघा. आणि लेन्सवर हिमकण पडला तर तोंडानं फुंकर मारायची नाही, वाफ तिथंच गोठते आणि रात्र संपली. हवेचा छोटा रबरी पंप न्या. खिशातली हात गरम करायची पाकिटं मिळतात, त्यातलं एक रबर बँडनं लेन्सला बांधलं तर दंव धरत नाही.

माणसाचा फोटो काढायचा तर त्याला सांगा की शटर उघडं असेपर्यंत श्वास पण हळू घे. चेहऱ्यावर मोबाइलच्या स्क्रीनचा उजेड अर्धा सेकंद फिरवला तरी पुरतो, टॉर्च मारू नका, भूत दिसतं.

कॅमेरा नाही, नुसता मोबाइल आहे? चालतंय की. मोबाइलचा ट्रायपॉड मात्र पाहिजेच, हातात धरून नाइट मोड दोन-तीन सेकंदच देतो, स्थिर ठेवला की जास्त देतो. प्रो मोड असेल तर आयएसओ ८०० ते १६००, शटर ८-१०, फोकस अनंतावर, आणि मेन कॅमेराच वापरा, अल्ट्रावाइडला उजेड कमी मिळतो. मोबाइल थंडीत टप्पकन बंद पडतो, फोटो झाला की खिशात.

रात्र लांब असते आणि बराच वेळ काहीच होत नाही. तिकडं बाहेर खायचं म्हणजे खिसा रिकामा, आम्ही कडक भाकरी आणि शेंगा चटणी नेली होती, थंडीत तिला काही होत नाही आणि ग्लोव्हज घालून पण मोडता येते.

परत निघताना शेवटचं काम बाहेरच करायचं, गाडीत बसायच्या आधी. फ्रीजमधली बाटली काढली की तिला घाम फुटतो ना, तसा उणे पंधराचा कॅमेरा गरम रूममध्ये नेला की त्याला आतून-बाहेरून घाम फुटतो, आणि आतला घाम म्हणजे खर्च. म्हणून थंडीतच मेमरी कार्ड आणि बॅटरी काढून खिशात घ्या, कॅमेरा झिप पिशवीत हवा दाबून बंद करा, पिशवी बॅगेत, बॅगेची चेन लावा. घाम मग पिशवीला फुटतो. रूमवर पोचल्यावर कितीही हात शिवशिवले तरी बॅग उघडायची नाही, फोटो बघायचेत तर कार्ड खिशात आहेच. नणंदेनं अबिस्कोहून पहाटे फोन केला, आपल्याकडं साडेआठ वाजले होते, वहिनी, तारे सगळे टिपके आलेत, आता बॅग उघडू का? म्हटलं, नाही, झोप आधी.